महारेरा नंबर, बँकेचं कर्ज, रजिस्टर्ड करार... तरीही इमारत बेकायदा कशी? डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण समजून घ्या

घर घेताना काय तपासायचं, याची यादी आता बहुतेकांना तोंडपाठ असते. महारेरा नंबर आहे का? बँक कर्ज द्यायला तयार आहे का? करार रजिस्टर होतोय का? तिन्हीचं उत्तर 'हो' आलं की लोक निर्धास्त होतात आणि टोकन देऊन मोकळे होतात.

डोंबिवली आणि आसपासच्या ६५ इमारतींमध्ये घर घेणाऱ्या अनेकांकडे ही तिन्ही उत्तरं होती. तरीही १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं या इमारती बेकायदा असल्याचं सांगत त्या तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेला दिले. ज्यांनी दागिने मोडून, गावची जमीन विकून, वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलं होतं, त्यांच्या दारावर नोटीस लागली.

हे प्रकरण एका शहरापुरतं वाटू शकतं. पण घर बांधणं आणि विकणं या व्यवसायात नेमकी जबाबदारी कुणाची असते, हे त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशातून दिसतं.

नेमकं झालं काय?

कुठलीही इमारत बांधायला सुरुवात करण्याआधी विकासकाला महापालिकेकडून नकाशे मंजूर करून घ्यावे लागतात. त्यानंतर मिळतं ते बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतली 'सीसी'. किती मजले, किती क्षेत्रफळ, कुठे किती जागा मोकळी सोडायची, हे सगळं यावरून ठरतं. इमारत पूर्ण झाली आणि मंजूर नकाशाप्रमाणे झाली असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे 'ओसी' मिळतं. त्यानंतरच कायद्यानं तिथे राहायला जाता येतं.

या ६५ प्रकरणांमध्ये पहिलीच पायरी खोटी होती. महापालिकेच्या नावानं बनावट परवानग्या तयार झाल्या. ही कागदपत्रं महारेराकडे नोंदणीसाठी दाखल झाली आणि महारेराचा नंबरही मिळाला. पालिकेनं मात्र अशा परवानग्या दिलेल्याच नव्हत्या. डोंबिवलीतल्याच एका वास्तुविशारदानं हा प्रकार उजेडात आणला, २०२२ मध्ये पोलिसांत गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि जनहित याचिका उच्च न्यायालयात पोहोचली.

बनावट कागद तयार करणारे सगळीकडे असतात. इथे खरा प्रश्न पुढचा आहे. एक खोटा कागद इतक्या सरकारी आणि निमसरकारी टेबलांवरून फिरला आणि कुठेच अडला नाही, हे कसं झालं?

महारेरानं तपासलं नाही का?

रेरा कायदा २०१६ चा. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला आणि महाराष्ट्रानं त्याच सुमारास महारेरा हे प्राधिकरण उभं केलं. त्याआधी राज्यात मोफा हा १९६३ चा कायदा होता, पण ग्राहकाला दाद मागायला ग्राहक मंच किंवा दिवाणी कोर्ट एवढेच रस्ते होते. रेरानं बरंच काही बदललं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. करार न करता दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घर कार्पेट एरियावरच विकावं लागतं. 'सुपर बिल्ट-अप'च्या नावाखाली जिन्याचे आणि लिफ्टचे पैसे कसे लावले जायचे, हे ज्यांनी २०१७ आधी घर घेतलंय त्यांना आठवत असेल.

पण नोंदणी देताना रेरा प्राधिकरण जागेवर जाऊन पाहणी करत नाही. कायद्याच्या कलम ४ नुसार विकासक परवानग्यांच्या प्रती आणि प्रतिज्ञापत्र सादर करतो. कलम ५ नुसार प्राधिकरणानं ३० दिवसांत होय किंवा नाही सांगायचं असतं. त्या मुदतीत निर्णय झाला नाही, तर प्रकल्प नोंदवला गेला असंच मानलं जातं.

ही रचना मुद्दाम अशी ठेवली होती. परवानग्यांच्या फेऱ्यात प्रकल्प वर्षानुवर्षं अडकतात ही बांधकाम व्यवसायाची जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. त्यामुळे आणखी एक खिडकी, आणखी एक साहेब नको, असा विचार झाला. विकासकाच्या शपथेवर विश्वास ठेवायचा आणि तो खोटा निघाला तर दंड करायचा. दंडही लहान नाही, खोटी माहिती दिल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. पण ज्याला घरं विकून गायबच व्हायचं आहे त्याला या दंडाची भीती कशी वाटणार, याचं उत्तर त्या रचनेत नव्हतं.

ग्राहकाच्या डोक्यात मात्र वेगळंच बसलं होतं. 'महारेरा नोंदणीकृत' या दोन शब्दांचा अर्थ त्यानं 'सरकारनं तपासलेलं' असा घेतला. जाहिरातींनीही तो तसाच पोहोचवला.

बाकीच्या टेबलांवर काय घडलं?

महारेरा नंबर हातात आला की पुढचा रस्ता गुळगुळीत होतो.

दुय्यम निबंधक कार्यालयात करार रजिस्टर होतो. मुद्रांक शुल्क भरलं जातं आणि ते राज्याच्या मोठ्या उत्पन्न स्रोतांपैकी एक आहे. पण निबंधक नोंदवतो तो दस्त. दोन माणसांनी करार केला, सह्या त्यांच्याच आहेत आणि शुल्क भरलंय, इतकंच. इमारत कायदेशीर आहे की नाही, हे पाहणं त्याचं काम समजलं जात नाही.

बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढतो. जमिनीच्या मालकीची मागच्या अनेक वर्षांची साखळी त्यात तपासली जाते. व्हॅल्युअर जागेवर जाऊन किंमत ठरवतो. पण पालिकेच्या परवानगीची प्रत बँकेकडे येते ती बहुतेकदा विकासकाच्याच फाइलमधून. ती पालिकेकडे पाठवून 'ही तुमचीच आहे ना?' असं विचारण्याची पद्धत नव्हती. डोंबिवलीच्या काही रहिवाशांचं म्हणणं होतं की त्यांना पंतप्रधान आवास योजनेचं अनुदानही मिळालं. म्हणजे एका हातानं सरकारनं घर घ्यायला मदत केली आणि दुसऱ्या हातानं ते पाडण्याची नोटीस दिली.

मग वीज. इमारतीला ओसी नसतानाही मीटर लागलेल्या इमारती महाराष्ट्रात कुठेही सापडतील. वीज ही मूलभूत गरज आहे, माणसं तिथे राहतच आहेत, मग अंधारात कशी ठेवायची, हा युक्तिवाद चुकीचाही म्हणता येत नाही. पण वीजबिल आलं की ते पत्त्याचा पुरावा होतं आणि पत्त्याच्या पुराव्यातून बाकी कागद उभे राहतात.

सगळ्यात गंमतीशीर गोष्ट मालमत्ता कराची. अनधिकृत बांधकामावर महापालिका कर लावू शकते, शिवाय दंडही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६७अ नुसार बेकायदा बांधकामाला कराच्या दुप्पट शास्ती आकारण्याची तरतूद आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शास्तीकर इतका तापला की अनेक निवडणुका त्याच्याभोवती फिरल्या आणि अखेर २०२३ मध्ये तो माफ झाला. कर भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असं कायदा सांगतो. पण पालिकेच्या पावतीवर आपलं नाव बघणाऱ्या माणसाला ते कोण समजावणार?

अशा प्रकारे प्रत्येक टेबलानं आपापलं काम केलं. प्रत्येकानं आधीच्या टेबलावरचा शिक्का पाहिला आणि त्यावर आपला शिक्का मारला. इमारतीकडे मात्र कुणीच पाहिलं नाही.

पालिकेला सहा-सात मजले दिसले नाहीत?

इथे 'कुणी पाहिलं नाही' हे म्हणणं जरा भोळेपणाचं ठरेल. पाया खणला जातो, वाळू-खडीचे ट्रक येतात, रेडीमिक्सच्या गाड्या रस्ता अडवतात, स्लॅबवर स्लॅब पडतात. प्रत्येक प्रभागात अनधिकृत बांधकामांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी नेमून दिलेला अधिकारी असतो. एमआरटीपी म्हणजे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानं त्याला नोटीस देण्याचे, काम थांबवण्याचे आणि बांधकाम पाडण्याचे अधिकार दिलेले आहेत.

अशा भागांत राहणाऱ्यांनी 'कारवाई' कशी होते तेही पाहिलेलं असतं. पथक येतं, ब्रेकरनं स्लॅबला चार-दोन भोकं पाडली जातात, फोटो निघतात, फाइल पूर्ण होते. महिनाभरात भोकं बुजतात आणि वर आणखी एक मजला चढतो. हे अडाणीपणातून होत नाही.

कल्याण-डोंबिवलीत तर हा प्रश्न नवा मुळीच नाही. तिथल्या अनधिकृत बांधकामांच्या चौकशीसाठी अग्यार समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, त्यालाही आता कितीतरी वर्षं उलटली.

लोक अशी घरं घेतात तरी का?

कारण ती परवडतात. आणि ती का परवडतात, हे पाहिलं तर बांधकाम व्यवसायातली दुसरी अडचण समोर येते.

नियमानं बांधणाऱ्याला विकास शुल्क भरावं लागतं, जादा चटईक्षेत्रासाठी प्रीमियम द्यावा लागतो, टीडीआर विकत घ्यावा लागतो, अग्निशमन विभागाचा दाखला आणावा लागतो. इमारतीच्या चारही बाजूंना जागा सोडावी लागते. परवानग्यांची वाट पाहताना जमिनीत अडकलेल्या पैशाचं व्याज चढत राहतं. हे सगळं शेवटी घराच्या किमतीत उतरतं. बेकायदा बांधणारा यातलं काहीच करत नाही. तो शेजारच्या भिंतीला भिंत लावतो, पार्किंगच्या जागी दुकानं काढतो आणि वर्षभरात इमारत उभी करून विकून टाकतो. त्याचं घर काही लाखांनी स्वस्त असतं. स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटं, वन बीएचके, हप्ता भाड्याइतकाच. परळच्या चाळीत किंवा घाटकोपरच्या खोलीत वाढलेल्या कुटुंबाला दुसरा पर्याय तरी कुठे असतो?

म्हणजे बेकायदा बांधकामाचा पहिला फटका ग्राहकाला बसतो आणि दुसरा सरळ मार्गानं काम करणाऱ्या विकासकाला. बिल्डरांच्या संघटना परवानग्या सोप्या करण्यासाठी जितक्या जोरात बोलतात, तितक्याच जोरात आपल्याच धंद्यातल्या या मंडळींविरुद्ध बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हा नुसता कागदांचा प्रश्न आहे का?

नाही. परवानगी नसणं याचा अर्थ मातीची तपासणी झाली की नाही, पायाचं आणि सळईचं गणित कुणी केलं, जिना आगीच्या वेळी पुरेल की नाही, याची कुणीच हमी दिलेली नसते.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा परिसरात बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली. वरचं काम चालू असतानाच खाली माणसं राहत होती. ७४ जणांचा जीव गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत पडली, त्यात १७ जण दगावले. ती काही ब्रिटिशकालीन नव्हती, जेमतेम दशकभराहून थोडी जास्त जुनी होती.

मात्र परवानगी असली की सगळं आलबेल, असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण ठार झाले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तिथे विकासकाबरोबरच वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर टाकलेली आहे. सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न सोसायटीनं स्वतःलाच विचारायचा.

इमारत पडली तर पैसे कोण देणार?

कागदावर उत्तर चांगलं आहे. रेरा कायद्याचं कलम १८(२) सांगतं की जमिनीच्या मालकी हक्कातल्या दोषामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर विकासकानं भरपाई द्यायची आणि या दाव्याला मुदतीची मर्यादा नाही. दहा वर्षांनीही मागता येते. कलम १६ मध्ये तर जमिनीच्या हक्काचा आणि बांधकामाचा विमा काढण्याचीही तरतूद आहे. प्रत्यक्षात हा विमा सामान्य घरखरेदीचा भाग झालेलाच नाही.

आणि भरपाई वसूल करायची तर कुणाकडून? प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी भागीदारी संस्था किंवा कंपनी काढायची पद्धत आहे. घरं विकून झाली की त्या संस्थेत नाव सोडून काही उरत नाही. चांगल्या प्रकल्पांतही महारेरानं दिलेले परताव्याचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करावे लागतात आणि त्यातली मोठी रक्कम अजून यायची आहे. बनावट कागदांवर इमारत उभारणाऱ्याकडून काय मिळणार?

कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. बँकेचा करार कर्जदाराशी असतो, भिंतींशी नसतो. नालासोपाऱ्यात २०२४-२५ च्या हिवाळ्यात ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या गेल्या. ती जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्रासारख्या सार्वजनिक कामांसाठी राखीव होती. दोन हजारांहून अधिक कुटुंबं रस्त्यावर आली. घर गेलं, भाडं सुरू झालं.

मग इमारती नियमित का करू नयेत? ही मागणी डोंबिवलीतही झाली. नवी मुंबईतल्या दिघ्याचं प्रकरण गाजल्यानंतर २०१७ मध्ये राज्यानं एमआरटीपी कायद्यात ५२अ हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना दंड भरून नियमित होण्याची वाट दिली. पण प्रत्येक अशी तारीख पुढच्या तारखेची आशा निर्माण करते. आज बांधून ठेवा, पुढच्या निवडणुकीआधी बघू. पाडलं तर ग्राहक मरतो, नियमित केलं तर पुढच्या फसवणुकीला बळ मिळतं. दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे. बांधणारा आणि डोळेझाक करणारा अधिकारी, दोघंही चित्राच्या बाहेरच राहतात.

आता काय बदललं?

महारेरानं २०२३ पासून परवानग्यांची खातरजमा थेट स्थानिक प्राधिकरणाकडून करून घ्यायला सुरुवात केली. जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. पालिकांच्या आणि महारेराच्या यंत्रणा एकमेकींना जोडण्याचा मुद्दा उच्च न्यायालयानंही लावून धरला. ही जोडणी आधीच असती तर ६५ पैकी एकाही प्रकल्पाला नंबर मिळाला नसता.

त्याहून महत्त्वाचा आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर २०२४ चा निकाल. प्रकरण उत्तर प्रदेशातल्या मेरठचं, पण निर्देश देशभरासाठी. बांधकाम सुरू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असला पाहिजे. अधिकाऱ्यांनी ठरावीक काळानं पाहणी करून तिची नोंद ठेवायची. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय वीज, पाणी, मलनिस्सारणाची जोडणी द्यायची नाही. बँकांनीही हा दाखला तपासल्यावरच इमारत तारण ठेवून कर्ज द्यायचं. चुकीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्यानं कारवाई करायची.

वर ज्या टेबलांची गोष्ट आली, त्यातल्या बहुतेकांना या निकालानं हात घातलाय. अर्थात आपल्याकडे बहुतेक घरं बांधकाम सुरू असतानाच विकली जातात आणि तेव्हा ओसी नसतेच. त्या कर्जांचं काय करायचं, याचं सरळ उत्तर त्यातून मिळत नाही.

तोपर्यंत घर घेणाऱ्यानं काय करायचं?

महारेराच्या संकेतस्थळावरून सीसीची प्रत डाउनलोड करता येते. ती घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि त्या क्रमांकाची परवानगी खरंच दिली आहे का, हे विचारायचं. किती मजल्यांसाठी आहे तेही पाहायचं, कारण अनेकदा सीसी जोत्यापर्यंतचीच किंवा खालच्या मजल्यांचीच असते आणि विकला जात असतो बारावा मजला. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर कुणाचं नाव आहे, जमीन सरकारी किंवा आरक्षित तर नाही ना, हे पाहायचं. तयार घर असेल तर ओसीशिवाय ताबा घ्यायचा नाही, विकासक 'पुढच्या आठवड्यात येतेय' म्हणाला तरी.

पालिकेत कुणी दाद दिली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. विकासकाचा माणूस तेवढं थांबायला तयार नसतो. 'ऑफर रविवारपर्यंतच आहे' असं तो सांगतो, आणि टोकनचा चेक बहुतेकदा त्याच रविवारी दिला जातो.